पोपटाची झोप आणि आपली

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ६८, माझे जुने पेशंट. डोळे लाल, रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा चढलेला. बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी लिहून द्या. आणि रागावू नका, पण त्यातलीच पाव गोळी पक्ष्याच्या पाण्यात टाकली तर चालेल का?"

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मुलाच्या मित्राची बदली झाली, म्हणून त्याचा पाळलेला पोपट गुरुजींनी नातीसाठी घरी आणला होता. माझा पहिला प्रश्न, "देशी तर नाही ना?" कारण आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट पाळणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पुष्कळांना हे अजून ठाऊक नसते. गुरुजींचा पक्षी मूळ ऑस्ट्रेलियातला, डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील निघाला. आल्यापासून रात्री दोन-तीनदा तो पिंजऱ्यात धडपडायचा, किंचाळायचा आणि सारे घर जागे व्हायचे.

गोळीला मी साफ नकार दिला. ६०-६५ किलोच्या माणसासाठी केलेले औषध. हा पक्षी १०० ग्रॅमच्या आसपास भरतो. पाव गोळीनेही त्याचा जीव गेला असता. गुरुजींनाही लगेच गोळी दिली नाही. पूर्वी मीही अशा गोळ्या सहज लिहीत असे. पण वयस्कर माणूस गोळीच्या गुंगीत रात्री उठतो, पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो, हे पाहिल्यावर हात आखडला.

त्याच रात्री घरी जाताना गुरुजींकडे डोकावलो. साडेदहा वाजले होते. बैठकीच्या खोलीत पिंजरा, शेजारी टीव्ही, वर ट्यूबलाईट. टीव्ही बंद व्हायचा पावणेबाराला. पहाटे सव्वापाचला स्वयंपाकघरात भांडी वाजू लागायची. म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम साडेपाच तास. पोपटवर्गातल्या पक्ष्यांना दहा ते बारा तासांची शांत, अंधारी रात्र लागते.

आपल्या गावच्या वडा-पिंपळांवर संध्याकाळी पोपटांचे थवे उतरतात ते आठवा. थोडा वेळ नुसता गलका. अंधार पडला की सारे चिडीचूप, ते थेट उजाडेपर्यंत. पक्ष्याला उजेड केवळ डोळ्यांनी कळतो असे नाही; कवटीतून झिरपणारा उजेडही त्याच्या मेंदूला समजतो. शरीरातल्या या दिवसरात्रीच्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे प्रयोग फळमाशीवरचे. माशीपासून माणसापर्यंत घड्याळ सर्वांना आहे. ते बिघडवण्याची हौस मात्र माणसालाच.

गुरुजींना मी जे सांगितले तेच घरी नवा पक्षी आणलेल्या वाचकांसाठी देतो.

रात्री पिंजरा वर्दळीच्या खोलीत ठेवू नये. स्वयंपाकघरात तर कधीच नको. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो. मच्छर अगरबत्तीचा धूरही वाईट. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकावी. रोज ठरल्या वेळी, दिवेलागणीनंतर तासाभरात, सुती कापडाने पिंजरा तीन बाजूंनी झाकावा आणि एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. बसायला गुळगुळीत दांडीऐवजी पेरूची, कमीजास्त जाडीची फांदी द्यावी. नव्या पक्ष्याची जागा रोज बदलू नये. पहिले काही दिवस तो बावरलेलाच असतो.

रात्रीची धडपड हा कॉकाटीलचा विशेष. खिडकीत मांजर आले, मोटरसायलचा झोत भिंतीवरून फिरला, की तो दचकून उडतो आणि अंधारात आपटतो. अशा पक्ष्याला मिट्ट काळोख नको. खोलीच्या कोपऱ्यात मंद झिरो बल्ब असावा. धडपडला तर हात घालून पकडू नका. हळू आवाजात बोला, शांत झाल्यावर पंख पाहा. रक्त येत असल्यास स्वच्छ कापसाने दाबून धरा आणि पशुवैद्यकाकडे न्या. एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपणे हे सुखाचे लक्षण. दिवसाही पिसे फुगवून पेंगत असेल किंवा पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल, तर तो आजारी आहे.

माझ्या खात्यातली एक गोष्ट. पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने माणसाला सिटॅकोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. तो क्वचितच होतो, पण अंगावर काढू नये. पिंजऱ्यातला कागद ओला करून मगच काढावा, हात साबणाने धुवावेत. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला आला तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. टीव्ही आतल्या खोलीत हलवण्यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली म्हणे. आता साडेसातला पिंजरा झाकला जातो, घरातले आवाज खाली येतात आणि नात साडेनऊला अंथरुणावर असते. पक्षी आठवड्यात एकदाच दचकला. आणि तुम्ही? विचारल्यावर हसले. "एकदा लघवीला उठतो, पण परत झोप लागते." त्या वयाला एवढे पुष्कळ.

पक्ष्याला झोप येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना माझे सांगणे एकच. झोप त्याच्याजवळ आहे. रात्र तुम्ही त्याला देत नाही. ज्या घरात संध्याकाळनंतर एका खोलीतही अंधार आणि शांतता करता येत नसेल, त्या घराने पक्षी आणू नये. आणि अशा घरातल्या माणसांनी माझ्याकडे गोळी मागण्याआधी आपल्या घरात रात्र किती वाजता होते, हे घड्याळात पाहावे.