आरोग्य केंद्रांचा नंबर लावताना

अमेरिकेतही सरकारी मदतीवर चालणारे गरिबांचे दवाखाने आहेत, हे मला इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. 1965 मध्ये बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत असं पहिलं आरोग्य केंद्र सुरू झालं. आज चौदाशेच्या आसपास संस्था तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. संचालक मंडळात निम्म्याहून जास्त सदस्य तिथलेच रुग्ण असावे लागतात. (हा नियम आपल्याकडे आणला तर काय धमाल येईल!)

अशाच एका संस्थेत मी शनिवारी आकडेवारीचं काम करतो, अर्थात फुकट. मध्यंतरी तिथे शाखांची क्रमवारी लावली गेली. निकष होता, किती मधुमेहींचं एचबीएवनसी 9 च्या वर आहे. सगळ्यात छोटी शाखा तळाला गेली आणि तिथल्या नर्सचे तास कमी करायची भाषा सुरू झाली.

समजा एका शाखेत 40 मधुमेही आहेत आणि दुसरीत 1,000. चार रुग्ण इकडचे तिकडे झाले, तर पहिलीचा आकडा 10 टक्क्यांनी हलतो, दुसरीचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दोन सामन्यांच्या सरासरीवरून आपण फलंदाजाला संघाबाहेर काढतो का? म्हणून मॉडेलमध्ये छोट्या शाखेचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतात. तसं केल्यावर ही शाखा इतरांपेक्षा वाईट आहे, असं ठामपणे म्हणताच येईना.

दुसरा प्रश्न अवघड. बेघर माणूस इन्सुलिन ठेवायला फ्रिज कुठून आणणार? सरकारी क्रमवारीतही बेघर, विमा नसलेले, शेतमजूर यांचं प्रमाण धरूनच तुलना होते. ते बरोबरच आहे. गडचिरोलीतल्या ग्रामीण रुग्णालयाला पुण्याजवळच्या रुग्णालयाशेजारी उभं करून मार्क देणं अन्यायच. पण 'आमचे रुग्णच गरीब' म्हणत वाईट आकडा सवयीचा होण्याची भीतीही मला वाटते. साखर तर वाढलेलीच राहते ना!

म्हणून मी अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले. बैठकीत मंडळावरच्या एका आजींनी, त्या स्वतः मधुमेही, विचारलं, "यात तपासणीच न झालेले किती?" वर्षभरात तपासणी झाली नसेल, तर तो रुग्णही 9 च्या वरच्यांत धरला जातो. छोट्या शाखेत असे बरेच निघाले. नर्सचे तास तूर्त तेवढेच ठेवलेत आणि ती आता त्या यादीतल्या एकेकाला फोन करतेय.