नवा लॅपटॉप मागताय? आधी हे बघा!

लिनक्सचं प्रॅक्टिकल आलं की वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, ‘माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालतच नाही यार!’ लगेच सल्ला मिळतो, ‘जुना झालाय, नवा घे.’ आणि घरी बाबांसमोर चाळीस-पन्नास हजारांचा विषय निघतो. जरा थांबा राव! आधी लॅपटॉपलाच विचारा.

एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा नीट चालवायचा, तर प्रोसेसरची साथ लागते. इंटेलने ही सोय २००५मध्ये आणली, एएमडीने २००६मध्ये. म्हणजे सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपमध्येही ती बहुधा असतेच.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसलं, तर प्रश्नच मिटला. ‘डिसेबल्ड’ असेल, तर बहुतेक वेळा सोय आहे, फक्त बंद आहे. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये जा. इंटेल असेल तर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडी असेल तर ‘एसव्हीएम’ चालू करून सेव्ह करा. खर्च शून्य!

हां, रॅम चारच जीबी असेल तर मशीन रडणारच. पण जागा असेल तर रॅम वाढवणं नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

खरं तर पहिल्याच प्रॅक्टिकलला कॉलेजने यासाठी दहा मिनिटं द्यायला हवीत. एका सेटिंगपायी कुणाच्या घरी ईएमआय का सुरू व्हावा?