फुकटची वाइन आणि एक नोकरी

२०१५ च्या जूनपासून अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशांना वाइन-बिअर पुन्हा मोफत सुरू केली. आपलं काय बिघडलं? 'नको, पाणी द्या' म्हटलं की झालं. शेजाऱ्याच्या ग्लासाकडे बघून तोंड वाकडं करायचंही कारण नाही. पण ट्रॉली ढकलणाऱ्याचं काय? त्याच वर्षी एक्सप्रेसजेट या अमेरिकी कंपनीतल्या एका मुस्लिम हवाई सेविकेने दारू वाढायला नकार दिला. तिच्या म्हणण्यानुसार, सहकाऱ्यांशी काम वाटून घ्या हा सल्ला वरिष्ठांचाच होता. पुढे एका सहकाऱ्याने तक्रार केली आणि हिला बिनपगारी रजेवर पाठवलं. म्हणून नोकरीत अशी सवलत मिळाली, तर त्याच दिवशी ईमेलवर लेखी घ्या. आणि बदल्यात सहकाऱ्याचं एखादं काम आपणहून उचला.