कार्टूनवाल्या दारानं आत या!

तर झालं असं. 2024 च्या दिवाळीत विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदियाला उतरलो आणि तिथून कामठ्याला, घरी. प्रवासात टाइमपास म्हणून टॅबमध्ये 'स्टार ट्रेक : प्रॉडिजी' या कार्टून मालिकेचे एपिसोड भरून घेतले होते. घरी पोचल्यावर तासाभरात टॅब गायब! नऊ वर्षांचा पुतण्या तो घेऊन माडीवर. इंग्रजी अर्धं कळतंय, उरलेलं चित्रावरून. जेवायला हाक मारली तर वरून उत्तर, ''थांबा ना काका, जहाज सुटून राहिलं!''

''कोणतं जहाज?'' बाबांनी खालून विचारलं.

''स्टारफ्लीटचं!''

बाबांचा हातातला घास तसाच राहिला.

इथं थोडा फ्लॅशबॅक. ऐंशीच्या दशकात बाबा नागपूरला नोकरीला होते. तेव्हा दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक, 'एंटरप्राइज' जहाज. बाबा फिदा! पुढं त्यांनी हे वेड मला लावायचा जाम प्रयत्न केला. पण मी पडलो 'शक्तिमान' पिढीतला. पुठ्ठ्याच्या भिंती आणि लांबलचक संवाद बघून मी दहा मिनिटांत पळायचो. पहिल्या पगारात त्यांना मूळ मालिकेचा डीव्हीडी सेट आणून दिला, तोही जरा अपराधी वाटून. तो त्यांनी एकट्यानं बघितला. दोनदा.

म्हणून माझ्या डोक्यात प्रश्न आला : बापाला जे जमलं नाही, ते कार्टूनला जमेल?

कंपन्यांना ते जमवायचंच असतं, कारण गणित सोपं आहे. 1966 साली सुरू झालेल्या मालिकेचे प्रेक्षक आता आजोबा झालेत. नवे आणायचे कुठून? हा प्रयोग तसा जुना. 'स्टार ट्रेक'चं पहिलं कार्टून 1973-74 मध्येच आलं. एकूण 22 एपिसोड, आणि आवाज बहुतेक मूळ कलाकारांचेच. त्याला एमी पुरस्कारही मिळाला. पण गोष्टी मोठ्यांच्याच होत्या, फक्त रंगवलेल्या. 'स्टार वॉर्स'वाले जास्त हुशार निघाले. 2008 च्या 'द क्लोन वॉर्स'मध्ये त्यांनी असोका नावाची एक नवी पोरगी आणली. ती आधीच्या सिनेमांत कुठंच नव्हती. तिच्यासोबत वाढलेली मुलं मोठी झाली आणि 2023 मध्ये त्याच असोकाच्या नावानं खऱ्या नटांची मालिका आली. म्हणजे कार्टूनमधून मुख्य घरात थेट एन्ट्री!

2021 चं 'प्रॉडिजी' याच वाटेनं जातं. त्यातल्या पोरांना स्टारफ्लीट म्हणजे काय, हेच ठाऊक नसतं. कैदेतून पळताना त्यांना एक बेवारस जहाज सापडतं आणि जहाजावरची होलोग्राम कॅप्टन जेनवे त्यांना सगळं शिकवते. 'व्हॉयेजर' या जुन्या मालिकेतली हीच ती जेनवे, आवाजही त्याच केट मलग्रूचा. गंमत म्हणजे पडद्यावरची पोरं जितकी अडाणी, तितकाच समोर बसलेला आमचा पोरगा. दोघं बरोबरच शिकतात. एका एपिसोडमध्ये तर स्पॉक येतो, लिओनार्ड निमॉयच्या जुन्याच रेकॉर्डिंगमधल्या आवाजासकट. निमॉय 2015 मध्येच गेला होता.

तो एपिसोड आला आणि माडीवरून प्रश्न खाली आला, ''काका, हा टोकदार कानाचा कोण होय?''

मी तोंड उघडायच्या आत बाबा जिना चढत होते. गुडघे दुखतात म्हणून जे वर्षभर माडीवर गेले नव्हते, ते!

हॅपी एन्डिंग? थांबा. दुसऱ्या दिवशी बाबांनी डीव्हीडी काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. 8 सप्टेंबर 1966 चा पहिला एपिसोड. दहा मिनिटं झाली आणि नातू म्हणाला, ''आजोबा, हे लय हळू होय.'' आणि फटाके उडवायला पळाला. बाबा काही बोलले नाहीत. रिमोट मात्र बराच वेळ हातात धरून बसले. मला माझी दहा मिनिटं आठवली. खरं सांगतो, जेवण गेलं नाही.

म्हणजे कार्टून दारापर्यंत आणतं. पुढची खोली आवडेल, याची गॅरंटी नाही. 'प्रॉडिजी'चंच बघा ना. 2023 मध्ये पॅरामाउंट प्लसनं ती काढून टाकली. मग चाहत्यांनी मोहीम चालवली आणि मालिका नेटफ्लिक्सवर गेली. वाचवली कुणी? मुलांनी नव्हे, त्यांच्या काका-मामांनी!

पण बाबा जुने खेळाडू. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी चौकशी केली, ''तुला त्या कार्टूनमधलं कोण आवडते?'' उत्तर आलं, मर्फ. म्हणजे तो काहीही गिळणारा लिबलिबीत गोळा. बाबांनी मान हलवली आणि 1967 चा ट्रिबलवाला एपिसोड काढला. ट्रिबल म्हणजे हातात मावणारे, खाताखाता वाढत जाणारे केसाळ गोळे. सुरू करण्याआधी बाबांनी गोष्ट सांगितली : एका ग्रहाला धान्य पाठवायचंय आणि हे गोळे नेमके कोठारात घुसलेत.

''आपल्या धानाच्या कोठीत उंदीर घुसतात तसे?''

''बिलकुल तसे.''

बाहेर धान कापणीचे दिवस, घरात कोठीचीच चर्चा. पोरगा शेवटपर्यंत हलला नाही. कर्कच्या डोक्यावर ट्रिबलचा ढीग कोसळला तेव्हा दोघं एकदमच हसले. नंतर 'प्रॉडिजी'च्या दुसऱ्या सीझनमध्येही ट्रिबल दिसले, तेव्हा नातू ओरडला, ''आजोबा, तुमचेवाले!''

तर मंडळी, ऑफिसातून थकून आल्यावर आपण पोरांच्या हाती स्क्रीन देतो आणि मोकळे होतो. द्या, हरकत नाही. पण ''हा कोण?'' असं विचारलं तर उत्तर द्यायला घरात कुणी हवं. आणि आपल्याला आवडतं ते आधी नको. त्याला आवडलेल्या गोष्टीच्या शेजारची गोष्ट शोधायची. बाबांनी हे माझ्या वेळी केलं नव्हतं. मीही तेव्हा काही विचारलं नव्हतं.

मूळ मालिकेचे 79 एपिसोड आहेत. निघायच्या आदल्या रात्री दोघं पुढचा लावत होते. मी बॅग भरत होतो. बाबा सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, ''बसतोस का दहा मिनिटं?''

बसलो. पूर्ण बघितला.