रिमोटची मोठी मोटार : वरचें मॉडेल घ्यावें काय?

एका वाचकभगिनींनीं आम्हांस असा प्रश्न केला आहे : त्यांचे चिरंजीव नुकतेच नोकरीस लागले असून पहिल्या वर्षाच्या शिलकेंतून रिमोटवर चालणारी, एक-पंचमांश प्रमाणाची मोठी मोटार घेऊं म्हणतात. त्यांतही त्यांस साधें मॉडेल नको, वरचें हवें. आणि शिवाय ॲल्युमिनियमचे शॉकअप निराळे मागवावयाचे आहेत. हें करूं द्यावें काय? मुलगा मिळवता झाला म्हणजे 'करूं द्यावें काय' हा प्रश्न खरें पाहतां मिटतोच. 'काय करावें' एवढाच उरतो. त्याचें उत्तर मात्र नीट दिलें पाहिजे, कारण अशा गाडीची किंमत एखाद्या खऱ्या दुचाकीच्या जवळ जाते.

प्रथम 'मोठी' या शब्दाचा अर्थ पाहूं. बाजारांत नेहमीं दिसणारी गाडी एक-दशांश प्रमाणाची असते. तीच दुप्पट लांब, रुंद व उंच केली कीं वजन दुप्पट होत नाहीं, आठपट होतें. आणि तिच्या दांड्यांचा व भुजांचा छेद केवळ चौपट होतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर पूर्वीच्या दुप्पट भार पडतो. लहान गाडींत वर्षानुवर्षें टिकणारी प्लॅस्टिकची भुजा मोठींत एका उडीसरशी कां मोडते, याचें रहस्य एवढ्या हिशेबांत आहे. अडीच किलोंची गाडी दोन मीटरांवरून पडली तर सुमारे ५० जूल ऊर्जा जिरवावी लागते; नऊ किलोंची पडली तर १७५. ती जिरवावयाची चार शॉकअपांनीं.

आतां मॉडेलांविषयीं. एचपीआय कंपनीची बाजा ५बी ही गाडी २००६ सालीं आली ती २३ सीसीच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर. पुढें तिचें 'एसएस' नांवाचें वरचें मॉडेल निघालें. त्यांत २६ सीसीचें इंजिन होतें आणि गाडी जुळवलेली न येतां सुट्या भागांच्या पेटींतून येई. अधिक पैसे देऊन अधिक श्रम विकत घ्यावयाचे, हा व्यवहार ऐकून आमच्या घरांत हंशा पिकला. आम्हांस मात्र तो शहाणपणाचा वाटतो. ज्यानें गाडी स्वतः जुळवली, त्याला ती मोडल्यावर कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं. २०१५ सालीं ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीनें विजेवर चालणारी एक्स-मॅक्स काढली. तिला आधीं सहा सेलांची शक्ति होती, लौकरच आठ सेलांची झाली; म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब २५.२ व्होल्टांवरून ३३.६ वर गेला. आर्मा कंपनीच्या क्रॅटन गाड्यांत 'ईएक्सबी' नांवाची जी पायरी आहे ती निराळ्याच तत्त्वावर आहे : भाग अधिक मजबूत, पण कित्येकदां मोटर, बॅटरी व रिमोट यांवांचून नुसता सांगाडा हातीं येतो. तेव्हां 'वरचें मॉडेल' या एका नांवाखालीं कोठें शक्ति विकली जाते, कोठें बळकटी, आणि कोठें नुसता रंग, हें पाहिल्याशिवाय किंमतींची तुलना करणें व्यर्थ आहे. आमच्या मतें शक्तीसाठीं प्रथमच अधिक पैसे मोजूं नयेत. सहा सेलांवर जी गाडी आवरत नाहीं, ती आठांवर आवरणार कशी?

शॉकअपाचें काम लोकांस वाटतें तितकें सरळ नाहीं. बाहेर दिसणारी स्प्रिंग गाडीचा भार उचलून धरते. धक्का जिरवितें तें आंतील तेल. नळींत सिलिकॉन तेल असतें, दांडीच्या टोकाशीं बारीक छिद्रें पाडलेला दट्ट्या असतो, आणि तेल त्या छिद्रांतून रेटलें जात असतां गतीची उष्णता होते. तेल नसेल तर गाडी स्प्रिंगेवर नाचतच राहील. ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस आठवेल कीं, तेथें संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकीं वेग गाडीच्या ठिकाणीं, स्थितिस्थापक स्प्रिंगेच्या ठिकाणीं. भावना तेवढी गिऱ्हाइकाच्या ठिकाणीं असते, आणि दुकानदाराचा भर तिच्यावरच असतो.

ॲल्युमिनियमचे शॉकअप म्हणजे नुसती झळाळी, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. प्लॅस्टिकच्या नळीचें टोपण मोठ्या उडीनंतर आट्यांतून निसटतें व तेल सांडतें. धातूचें सहसा निसटत नाहीं. धातूची नळी उष्णताही लौकर बाहेर टाकते, आणि सिलिकॉन तेल तापलें कीं पातळ होतें, म्हणून हा लाभ खरा आहे. दांडी जाड मिळाली तर ती वांकतही नाहीं. पण जाहिरातींत न येणारी गोष्ट पुढेंच आहे. शॉकअप तुटला नाहीं म्हणून धक्का नाहींसा होत नाहीं. तो पुढें सरकतो. आजवर टोपण निसटत होतें, आतां शॉकअप जिला बांधलेला असतो ती पट्टी वांकते. तीही धातूची केली तर भुजा मोडते, आणि अखेर पाळी चेसिसवर येते. स्वस्त भाग मोडून महाग भाग वांचतो, ही व्यवस्था कांहीं वाईट नव्हे. त्यांतून सुटे भाग बहुतेक परदेशांतून यावयाचे, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पांत खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्के झालें. म्हणून ज्या गाडीच्या भुजा व टोपणें आपल्या शहरांतील दुकानांत मिळतात, ती साधी असली तरी आम्ही तीच पसंत करूं.

चिरंजीवांस आमचें सांगणें असें. साधें मॉडेल घ्यावें आणि प्रथम तेल बदलून पाहावें. बाटलीस शॉकअपांच्या जोडीच्या मानानें कांहींच पडत नाहीं. तेल घेतांना सेंटीस्टोक्सचा आंकडा पाहावा, कारण 'वेट' म्हणून जो आंकडा छापतात तो एका कंपनीचा दुसरीशीं जुळत नाहीं. भरल्यावर दांडी सावकाश खालींवर करून हवेचे बुडबुडे निघूं द्यावे. मग गाडी हातभर उंचीवरून सोडावी. पोट जमिनीस टेकून खट्‌ आवाज झाला तर तेल पातळ. पडल्यावर दोनतीनदां उसळली तरी पातळच. दबल्यावर वर येण्यास आळस करूं लागली तर दाट. अशा रीतीनें नीट भरलेले शॉकअपसुद्धां तीनचार महिन्यांत दोनदां फुटले, तरच ॲल्युमिनियमचे मागवावे; आणि तेही चार एकदम न घेतां, जे फुटतात त्या बाजूचे दोन.

आईनें मात्र एका बाबतींत आपला अधिकार सोडूं नये. एक्स-मॅक्सचा वेग कंपनी ताशी ८० किलोमीटरांहून अधिक सांगते. नऊ किलोंची वस्तु त्या वेगानें निघाली म्हणजे तिच्या अंगीं सुमारे २,२०० जूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरांनीं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या ती १८ पट होते, आणि समोरच्याच्या पायांत पॅड नसतात. सोसायटीच्या अंगणांत ही गाडी चालूं देऊं नये; रविवारीं पहाटे, मैदान मोकळें असतां, आणि लहान मुलें चालविणाऱ्याच्या पाठीशीं उभीं करून.