उत्साहाचीं दोन मापें

आमच्या सुशिक्षित घरांतून एक मत इतक्या निःशंकपणें उच्चारलें जातें कीं, त्यास पुरावा हवा असें कोणास वाटतच नाहीं. तें मत असें : पुरुष कलेवर अगर खेळावर प्रेम करतो, स्त्री कलावंतावर अगर खेळाडूवर भाळते, पुरुष ओरडतो तो मर्म जाणून, स्त्री किंचाळते ती भान हरपून. सबब त्याच्या उत्साहास रसिकता म्हणावें आणि तिच्या उत्साहास वेड. हें मत जुनें आहे, सोईचें आहे, आणि आमच्या मतें साफ खोटें आहे.

प्रथम त्याची वंशावळ पाहूं. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्या मैफलींनीं श्रोते बेभान होऊं लागले, तेव्हां जर्मन कवि हाइने यानें १८४४ सालीं त्या प्रकारास ‘लिस्टोमॅनिया’ असें नांव दिलें. आणि त्याचें कारण विचारलें कोणास, तर स्त्रीरोगांच्या वैद्यास! संगीताच्या प्रभावाचा उलगडा संगीतज्ञाकडे न मागतां वैद्याकडे मागितला, तेथेंच निदान ठरून गेलें. पुढें १९६४ सालीं इंग्लंडांतील ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकांत पॉल जॉन्सन यांनीं बीटल्स या चौकडीवर झोड उठविली. तींत गाणाऱ्यांबरोबर त्यांच्या तरुण श्रोत्यांनाही यथेच्छ मार बसला. काळाचा निकाल काय लागला? त्याच चौघांचें संगीत आज विद्यापीठांतून अभ्यासिलें जातें आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले जातात. पंडितांना जें कळावयास काळ जावा लागला, तें त्या किंचाळणाऱ्या पोरींनीं आधींच ओळखलें होतें. त्यांचें भान हरपलें असेल. कान हरपले नव्हते.

आतां घरचें उदाहरण घेऊं. बालगंधर्वांच्या काळीं नाटकगृहांत स्त्रियांच्या बैठकीची सोय निराळी असे. पुरुषांच्या बाजूनें ‘वन्स मोअर’चा गजर उठे, कथानकाचा ओघ तुटे, तेंच पद पुन्हां गाइलें जाई आणि रात्र सरत जाई. ही झाली रसिकता. कुलीन स्त्रीनें असा गजर करणें त्या काळीं शोभणारें नव्हतें. मग तिनें काय केलें? शालू कसा नेसला आहे, पदर कसा घेतला आहे, केसांत फुलें कशीं माळलीं आहेत, हें तिनें डोळ्यांत सांठविलें आणि घरीं जाऊन स्वतःच्या अंगावर उतरविलें. १९११ सालच्या ‘मानापमाना’तील भामिनी अशा रीतीनें रंगमंचावरून माजघरांत आली. याला आम्हीं नांव दिलें ‘नटवेपणा’! एका पुरुषानें उभें केलेलें स्त्रीरूप अस्सल आहे कीं नाहीं, याचा निवाडा देण्यास स्त्रियांहून अधिकारी परीक्षक कोण? त्यांनीं तो निवाडा तोंडानें न देतां नेसणीनें दिला, एवढाच काय तो फरक.

क्रिकेटचा न्याय याहून विचित्र आहे. १९६० च्या जानेवारींत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग यांनीं दोन्ही डावांत अर्धशतकें काढलीं, तेव्हां एका तरुणीनें मैदानांत धांवत जाऊन त्यांच्या गालाचें चुंबन घेतलें. मैदानांत धांवत जाऊन फलंदाजास हार घालणारे, त्याची पाठ थोपटणारे पुरुष त्या काळीं थोडे नव्हते. त्यांची आठवण कोणी ठेविली नाहीं. त्या एका चुंबनाची मात्र ठेविली, इतकी कीं पुढें सलमान रश्दी यांच्या १९९५ सालच्या कादंबरींत तें एका चित्राचा विषय होऊन बसलें.

उलट पाहा. १३ मार्च १९९६ रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत श्रीलंकेविरुद्ध आपला डाव कोसळला. ८ बाद १२० अशी अवस्था होतांच प्रेक्षकांनीं बाटल्या फेकल्या, बैठकींना आगी लावल्या, आणि अखेर सामनाधिकाऱ्यांना सामना श्रीलंकेस बहाल करावा लागला. याला कोणी वेड म्हणालें काय? वर्तमानपत्रांनीं निषेध केला खरा. परंतु ‘पुरुषांच्या प्रकृतींतच हा रोग आहे, त्यांना मैदानांत येऊं देऊं नये’ असा निष्कर्ष कोणींच काढला नाहीं. गालावरील एक चुंबन ही साऱ्या स्त्रीजातीची खूण, आणि जाळपोळ ही मात्र कांहीं समाजकंटकांची करणी ! हीं तीं दोन मापें.

कोणी म्हणतील, ‘पण फरक तर दिसतो ना?’ दिसतो, तो आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो स्वभावाचा नसून मोकळिकीचा आहे. मध्यरात्रीं रस्त्यावर आरोळ्या देत घरीं परतण्याची मुभा ज्याला आहे, त्याचा उत्साह रस्त्यावर सांडतो; जिला शेवटच्या गाडीची आणि घरच्यांच्या कपाळावरील आठ्यांची चिंता आहे, तिचा उत्साह कात्रणांच्या वहींत, न धाडलेल्या पत्रांत आणि मैत्रिणीच्या कानांत सांठतो. बांध घालावयाचा आणि मग पाणी संथ आहे म्हणून त्याच्या प्रकृतीचें वर्णन करावयाचें, हें शास्त्र नव्हे.

बांध काढला म्हणजे काय होतें, याचाही दाखला आहे. २० सप्टेंबर २०११ रोजीं इस्तंबूल येथें फेनरबाह्चे संघाचा सामना झाला. त्या संघाच्या पुरुष प्रेक्षकांनीं आधीं दंगा केल्यामुळें शिक्षा म्हणून त्यांना मज्जाव होता; प्रवेश फक्त स्त्रियांना आणि बारा वर्षांखालील मुलांना. चाळीस हजारांहून अधिक जण आले. संघाचीं सारीं गाणीं त्या बायांना मुखोद्गत होतीं, आणि घोषणांनीं त्यांनीं मैदान दणाणून सोडलें. स्त्रीला खेळ कळत नाहीं, केवळ खेळाडू आवडतो, म्हणणाऱ्यांनीं त्या दिवसाचें उत्तर द्यावें. येथें नवी मुंबईंत २ नोव्हेंबर २०२५ रोजीं आपल्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला. पावसानें खोळंबलेला तो सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला, आणि त्या आरोळ्यांत बाप कोणता आणि लेक कोणती हें निवडणें कठीण होतें.

तेव्हां आमचें मागणें साधें आहे. उत्साहाची परीक्षा करावयाची तर दोनच प्रश्न विचारावे : त्याच्या मुळाशीं जाण आहे काय, आणि त्यानें दुसऱ्यास इजा होते काय? ओरडणारा कंठ कोणाचा, हा तिसरा प्रश्न गैरलागू आहे. सामना हरल्यावर दोन दिवस कोणाशीं न बोलणारे वडील आणि आवडत्या गायकाची मैफल ऐकून डोळे पुसणारी मुलगी एकाच छपराखालीं राहतात. वडिलांच्या मौनाला घर सांभाळून घेतें आणि मुलीच्या अश्रूंना हंसतें. हें हंसणें बंद झालें, तर मुलीचा संकोच जाईलच. शिवाय, पुढल्या पराभवाच्या वेळीं वडिलांनाही मोकळेपणानें रडतां येईल.