समुद्राला दिलेलं फुकटचं श्रेय

खाऱ्या पाण्यानं संस्कृती घडत असती, तर आमचं वरवट बकाल कधीच कोकणात गेलं असतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. तरी आम्ही पक्के वऱ्हाडी. म्हणून ‘कोकण समुद्रानं घडवलं’ असं कुणी ठासून सांगू लागलं की वाद घालायची खुमखुमी येते.

पूर्वपक्ष साधा आहे. ताटात भात-मासळी, दारात माड, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ. आणखी काय पुरावा हवा? कोळी, गाबीत, दालदी यांच्यापुरतं मलाही हे कबूल. पण लांज्या-संगमेश्वरकडच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या कुणब्याचं काय? त्याच्या पिढ्या सारा वसूल करणाऱ्या खोताचं देणं फेडण्यात गेल्या. समुद्र त्याच्या घरात आला तो सुक्या मासळीपुरता. त्याला कोकणी म्हणायचं नाही का? आणि हाच अरबी समुद्र सौराष्ट्रालाही लागतो. तिथं ताटात बाजरीचा रोटला असतो.

समुद्रानं घडवलेली संस्कृती म्हणून दिलं जाणारं कॅरिबियनचं उदाहरण तर समुद्रवाद्यांच्या अंगलटच येतं. गयानाचा किनारा अटलांटिकचा, तरी तिथले क्रिकेटपटू क्लाइव्ह लॉइड आणि चंद्रपॉल वेस्ट इंडिजकडूनच खेळले. कॅरिबियन देशांच्या संघटनेची, म्हणजे कॅरिकॉमची, कचेरीही गयानातच. व्हेनेझुएलाला कॅरिबियन समुद्राचा लांबलचक किनारा आहे, पण तो देश त्या क्रिकेट संघात नाही. जमैका आणि गयाना यांना जोडलं ते ऊसमळ्यांनी, गुलामीनं आणि इंग्रजी अमलानं. गुलामी संपल्यावर तिथं आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आले, गयानात 1838 पासून.

कोकणाचंही तसंच. खोतीत भरडलेली जमीन पोट भरेना, म्हणून माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. तोवर गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या झाल्या होत्या. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी, खानावळीचा डबा, महिन्याची मनीऑर्डर आणि गौरी-गणपतीची रजा. रत्नागिरीचा कुणबी आणि मालवणचा गाबीत एकमेकांना ओळखू लागले ते तिथं, साच्यांच्या खडखडाटात.

‘पण ते गेले बोटीनंच ना?’ गेले. म्हणजे समुद्रानं रस्त्याचं काम केलं. बोटी बंद पडल्या, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. 1982 च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून मिटल्या. तरी गणपतीची गर्दी हटली नाही. तळकोकणात गाऱ्हाणं घालताना नारळ हातात धरलेला मानकरी गावच्या देवांना हाका मारतो, गुराढोरांची, पोराबाळांची, मुंबईतल्या चाकरमान्यांची राखण मागतो आणि जमाव ‘व्हय महाराजा’ म्हणतो. अख्खं कोकण त्या जमावात उभं असतं, गावात असो की परळात.

अजून शंका असेल तर मॉरिशस पाहा. चहूकडे समुद्रच समुद्र. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज तिथं गणेश चतुर्थी करतात, त्यानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आरती मराठीत होते. पण घरातलं बोलणं बहुतेकांचं क्रिओलमध्ये. ती भाषा फ्रेंच मळेवाल्यांच्या अमलात, गुलामांच्या तोंडी घडली.